'पर्यंत' या शब्दाची किंमत

बँकेत असताना एक गोष्ट शिकलो. कर्जाच्या जाहिरातीतला सर्वांत महत्त्वाचा शब्द म्हणजे 'पर्यंत'. मोबाइलच्या वेगाचंही तसंच. फाइव्ह-जीची आंतरराष्ट्रीय मानकं ठरली, तेव्हा कमाल वेग धरला सेकंदाला 20 गिगाबिट. शहरातल्या दाट वस्तीत सामान्य ग्राहकाला मिळावेत असे ठरले 100 मेगाबिट. म्हणजे दोनशेवा हिस्सा! यात लबाडी नाही, पदार्थविज्ञान आहे. उच्च वारंवारतेच्या लहरींना जागा ऐसपैस, म्हणून वेग मोठा. पण त्या दूर जात नाहीत, भिंतीशी अडतात. लांब पल्ल्याच्या लहरींचा वेग बेताचा. शिवाय एका टॉवरचा वेग साऱ्या गावात वाटला जातो.

1 ऑक्टोबर 2022 रोजी आपल्याकडे फाइव्ह-जी आलं. तरी कोकणातल्या आमच्या घरी वहिनी ओटीपीसाठी आजही मागच्या कातळावर जाऊन उभ्या राहतात. आता 2030च्या सुमारास येऊ घातलेल्या सिक्स-जीच्या गप्पा सुरू आहेत. जरूर येऊ दे. आपण मात्र 'जास्तीत जास्त किती?' हे विचारणं सोडावं आणि विचारावं, 'शेवटच्या घरात कमीत कमी किती?' बँकेत आम्ही ग्राहकाला किमान शिल्लक राखायला सांगत असू. आता ग्राहकानं ती मोबाइल कंपनीला सांगायची वेळ आली आहे.