न ठरवलेली सहल

ठरवून केलेली सहल आमच्या घरात कधी वेळेवर निघालीच नाही. पूर्वी ह्यांना रजा मिळायची तेव्हा मुलांच्या परीक्षा असत, परीक्षा संपल्या की पाहुणे येत आणि पाहुणे गेले की बजेट संपलेलं असे. आता मुलं आपापल्या गावी आहेत. हे निवृत्त झालेत. तरी ‘पुढच्या महिन्यात बघू’ हे वाक्य काही आमच्या घरातून निवृत्त होत नाही! म्हणून गेल्या नोव्हेंबरात घडलेली गोष्ट सांगते. ती ठरवली असती तर घडलीच नसती.

आम्ही इंदूरचे, तीन पिढ्यांपासून. माझी एक बालमैत्रीण इथेच चार गल्ल्या पलीकडे राहते. तिचं खरं नाव छापलं तर ती माझ्याशी अबोला धरील, म्हणून तिला आपण सुमन म्हणू. सुमन घरी गणिताच्या शिकवण्या घ्यायची. दारात नेहमी वीस-पंचवीस चपलांचा ढीग असायचा आणि आतून तिचा खणखणीत आवाज यायचा. आदल्या डिसेंबरात तिचे यजमान अचानक गेले. त्या दिवसापासून शिकवण्या बंद झाल्या.

मी तेराव्याला गेले होते. त्यानंतर दोनदा गेले असेन. मग नुसते फोन. मग फोनही कमी होत गेले. कारण विचाराल तर माझ्याजवळ एकच होतं. तिच्यासमोर बसून काय बोलावं, हेच मला कळत नसे.

त्या शनिवारी सकाळी मी तिच्याकडे गेले ती तिचा एक डबा परत करायला. दहा मिनिटांत निघायचं असं मनाशी ठरवूनच. सुमन स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसली होती. समोर चहा होता आणि त्यावर साय धरली होती. मी डबा ठेवला, हवापाण्याचं बोलले, आणि उठणार तेवढ्यात तिच्या हाताकडे लक्ष गेलं. टेबलावरच्या धुळीत ती बोटानं आकडे लिहीत होती. लिहायची आणि पुसायची.

माझ्या तोंडून निघून गेलं, “सुमे, चल, महेश्वरला जाऊ.”

“कधी?”

“आत्ता.”

“वेडी आहेस का? अजून वर्ष झालं नाही. लोक काय म्हणतील? आणि सासूबाई?”

सासूबाई आतल्या खोलीत जपमाळ घेऊन बसलेल्या. वय चौऱ्याऐंशी. कान तिखट. त्या काय म्हणतील याची मलाही धास्तीच होती. आतून आवाज आला, “नर्मदामाईवर जाताय ना? मग माझ्या नावानं एक दिवा सोडा. आणि घाई करून आज परत येऊ नका, रात्रीचा घाट बरा नाही. माझ्या सोबतीला भाचीला बोलावते मी.”

सुमन माझ्याकडे बघतच राहिली. अकरा महिने जिच्या धाकानं ती घराबाहेर पडली नव्हती, त्या बाईनं कधी मनाई केलीच नव्हती. कुणी विचारलंच नव्हतं!

मी ह्यांना फोन केला. “भाजी फ्रिजमध्ये आहे का?” एवढंच त्यांनी विचारलं. इतकी वर्षं मी उगाचच कुणाच्या तरी परवानगीची वाट बघत होते, हे माझ्याही ध्यानात आलं.

इंदूरहून महेश्वर नव्वद-पंचाण्णव किलोमीटर. मुंबई-आग्रा रस्त्यानं महू, मानपूरचा घाट, धामनोद, आणि तिथून आत वळायचं. आम्ही बसनं निघालो. दोघींत मिळून एक कापडी पिशवी होती. तिच्यात दोन साड्या, चिवड्याची पुडी आणि एकच कंगवा. घाट उतरताना तिच्या मुलाचा बंगलोरहून फोन आला.

“आई, कुठे आहेस?”

“बसमध्ये. महेश्वरला चाललेय.”

पलीकडे क्षणभर शांतता. मग, “पैसे आहेत ना जवळ?” सुमन हसली. त्या वर्षात मी तिला पहिल्यांदाच हसताना पाहिलं.

दुपारी आम्ही किल्ल्यावर पोचलो. ज्यांनी महेश्वर पाहिलं नाही त्यांना सांगते, अहिल्याबाई होळकरांचा राजवाडा पाहून आधी निराशा होते. राजवाडा कसला, लाकडी खांबांचा एक ऐसपैस वाडाच तो! आपल्याकडच्या जुन्या वाड्यांत शोभावा असा. आत बाईंची साधी गादी जपून ठेवली आहे. काशीविश्वनाथाचं देऊळ पुन्हा उभारणारी, गयेच्या विष्णुपद मंदिरापर्यंत बांधकामं करणारी बाई एवढ्याशा जागेत बसून राज्य चालवत होती, हे कळलं की मग निराशेची जागा दुसरंच काही घेतं.

त्यांची कहाणी आपण शाळेत शिकतो आणि परीक्षेनंतर विसरतो. जन्म 1725 सालचा, नगर जिल्ह्यातल्या चौंडीचा. 1754 मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव गेले. बाई सती जायला निघाल्या तेव्हा सासऱ्यांनी, मल्हाररावांनी, त्यांना थांबवलं. 1766 मध्ये मल्हारराव गेले, पुढच्या वर्षी मुलगा मालेराव गेला. त्यानंतर 1795 पर्यंत, म्हणजे अठ्ठावीस वर्षं, बाईंनी राज्य सांभाळलं आणि त्यासाठी हे नर्मदाकाठचं गाव निवडलं.

गादीसमोर उभं राहून मी हे सगळं बडबडत होते. सुमन म्हणाली, “आणि मुक्ताबाई?”

मी गप्प झाले. मुक्ताबाई ही अहिल्याबाईंची मुलगी. 1791 मध्ये तिचे यजमान यशवंतराव फणसे वारले आणि ती सती गेली. तिनं जाऊ नये म्हणून आईनं परोपरीनं विनवलं, पण तिनं ऐकलं नाही. बाईंनी तीन दिवस जवळजवळ काहीच खाल्लं नाही, असं माल्कमनं आपल्या मध्य हिंदुस्थानवरच्या ग्रंथात लिहून ठेवलं आहे.

“मुलीला थांबवता आलं नाही त्यांना,” सुमन म्हणाली. मग बऱ्याच वेळानं, “पण सासऱ्यांनी त्यांना नुसतं थांबवलं नव्हतं गं. काम दिलं होतं.”

खरंच होतं ते. मल्हाररावांनी सुनेला हिशेब शिकवले, कारभार शिकवला. मोहिमेवरून ते तिला पत्रं लिहीत. 1765 च्या एका पत्रात तोफांची आणि दारूगोळ्याची व्यवस्था करायला सांगितलं आहे. ज्याचा तरणाताठा मुलगा गेला होता, त्या म्हाताऱ्यानं स्वतःचं दुःख बाजूला ठेवून सुनेच्या हातात काम दिलं. मला सुमनच्या सासूबाईंची जपमाळ आठवली. त्यांचाही मुलगाच गेला होता. आणि आम्ही सगळे त्यांना फक्त ‘सासूबाई’ म्हणून घाबरत होतो.

संध्याकाळी घाटावर उतरलो. महेश्वरचा घाट म्हणजे उंच दगडी तटाखाली नदीपर्यंत गेलेल्या पायऱ्याच पायऱ्या. आरती झाली. द्रोणातले दोन दिवे घेतले, एक सासूबाईंच्या नावाचा, एक सुमनचा. सासूबाईंचा दिवा सरळ प्रवाहाला लागला. सुमनचा मात्र पायरीपाशीच घोटाळत राहिला. तिनं ओणवं होऊन हातानं पाणी लोटलं तेव्हा कुठे तो निघाला.

मग अंधारात बसून ती बोलली. त्या शेवटच्या दिवसाबद्दल, सकाळच्या अर्धवट राहिलेल्या भांडणाबद्दल, ते भांडण मिटवायचं राहून गेल्याबद्दल. मी काही म्हटलं नाही. तिचं संपल्यावर मी माझं सांगितलं, “मी येत नव्हते कारण तुझ्याशी काय बोलावं मला कळत नव्हतं.”

“मग बोलायचं नव्हतंस,” ती म्हणाली. “नुसतं येऊन बसायचं होतंस. आत्ता बसली आहेस तशी.”

यावर मी काय उत्तर देणार?

रात्री घाटाजवळच्या एका साध्या लॉजमध्ये राहिलो. रविवारी सकाळी नाव करून नदीच्या मधोमध असलेल्या बाणेश्वराला गेलो. नावाड्यानं पलीकडचं नावडातोडी दाखवलं. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या डॉ. हसमुख सांकलियांनी 1952-53 पासून या दोन्ही काठांवर उत्खनन करून इथली ताम्रपाषाण काळची वस्ती उजेडात आणली. हजारो वर्षं माणसं या पाण्याच्या काठी संसार मांडत आणि मोडत आली आहेत. नदीला सवय असावी.

परतीपूर्वी एका विणकराच्या घरी शिरलो. अहिल्याबाईंनी विणकर आणून वसवले, तेव्हापासूनचा हा धंदा. मध्यंतरी तो मोडकळीला आला होता. 1970 च्या दशकाच्या अखेरीस होळकर घराण्यातल्या मंडळींनी ‘रेहवा’ ही संस्था काढली आणि मागांना पुन्हा काम मिळू लागलं. महेश्वरी साडी अंगाला हलकी, बहुधा सूत आणि रेशीम मिळून विणलेली. काठांवरची नक्षी किल्ल्याच्या दगडांवरून उचललेली. अशा काठाची साडी दोन्ही बाजूंनी नेसता येते, उलटं-सुलटं नाही!

विणकराच्या बायकोनं सुमनचं मोकळं कपाळ पाहिलं आणि काही न विचारता पांढऱ्या, करड्या साड्या पुढे टाकल्या. सुमननं त्यातली एक सासूबाईंसाठी बाजूला काढली. मग मांडणीवरच्या जांभळ्या साडीकडे बोट दाखवलं. तिचा भाव विचारला, घासाघीस केली आणि मनातल्या मनात हिशेब करून बाईची दीडशे रुपयांची चूक काढून दाखवली. चूक बाईच्याच तोट्याची होती!

“कधी नेसशील?” मी विचारलं.

“माहीत नाही. कपाटात तर असू दे.”

डिसेंबरात वर्षश्राद्ध झालं. जानेवारीत तिच्या दारात पहिल्या चपला दिसल्या, चार-पाच जोड. आता पुन्हा ढीग असतो. साडी अजून नेसलेली नाही. मी विचारत नाही.

वाचकहो, तुमच्याही चार गल्ल्या पलीकडे अशी कोणी असेल. काय बोलावं सुचत नाही म्हणून तुम्ही जायचं टाळत असाल. सुचायची वाट पाहू नका. डबा परत करायचं निमित्त पुरतं, आणि तेही नसलं तरी चालतं. महेश्वरच गाठायला हवं असंही नाही. जवळचा बाग, नदी, देऊळ, काहीही चालेल. फक्त ‘पुढच्या महिन्यात’ म्हणू नका.

त्या फेरीत आमचं मांडू राहिलं. महेश्वरपासून चाळीसेक किलोमीटरच, पण मांडू पावसात पाहावं म्हणून सोडून दिलं होतं. परवा जुलैत सकाळी सात वाजता फोन वाजला. बाहेर धो धो पाऊस.

“पोहे टाकलेत,” सुमन म्हणाली. “खाऊन लगेच निघायचं. कंगवा तू आण.”