एक बोरगाव इकडे, एक बोरगाव तिकडे

संक्रांत आली की मोबाईलवर तिळगुळाची चित्रं धडाधड येऊन पडतात. आपणही आलेलं पुढे ढकलतो आणि मोकळे होतो. पण आपल्या दुभाषी घरांत हाताने केलेल्या भेटकार्डाचं एक वेगळंच काम आहे.

बोरगाव म्हटलं की आपल्याला निपाणीकडचं बोरगाव आठवतं. दुसरं एक बोरगाव मध्य प्रदेशात, सौंसरजवळ आहे. सौंसर आणि पांढुर्णा मिळून २०२३ मध्ये नवा पांढुर्णा जिल्हा झाला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नागपूर मुंबई राज्यात गेलं, छिंदवाड्याकडचा हा भाग मध्य प्रदेशात राहिला. त्याच दिवशी बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं. तेव्हापासून घरात मराठी आणि बाहेर तिकडे हिंदी, इकडे कन्नड. फरक एवढाच, की तिकडच्या मुलाला हिंदी शाळेतही पहिलीपासून देवनागरी मिळते. आपल्याकडे कन्नड शाळेतलं मूल आजीशी मराठीत भरभरून बोलतं, पण आजीचं पत्र वाचताना अडखळतं. बोली राहते, लिपी सुटते. कार्ड करताना ती लिपी हाताखालून जाते.

साहित्य घरातलंच. जाड कागद मधोमध दुमडा. भेंडी आडवी कापली की पाकळ्यांचं फूल मिळतं. बटाटा अर्धा करून त्यावर पतंग कोरा, कापडाने कोरडा करा आणि मग स्टॅम्पपॅडवर टेकवा. ओला राहिला तर रंग पसरतो. अक्षर कोरायचं असेल तर उलटं कोरावं लागतं, तेव्हा कागदावर सुलटं उमटतं. ठसे वाळले की स्केचपेनने कडा रंगवा. आत दोन ओळी: ‘तिळगूळ घ्या, गोड गोड बोला’ आणि तिच्याखाली कन्नड लिपीत ‘एळ्ळु बेल्ल तिंदु ओळ्ळे माताडि’. दोन्हींत तीळ तोच, गूळ तोच आणि मागणंही तेच. मराठी ओळ मुलाने लिहावी, कन्नड ओळ आजीने गिरवावी. अक्षर वाकडं आलं तर येऊ द्या.

पत्ता मात्र बॉलपेनने लिहा. स्केचपेनची शाई पाण्याचा थेंब पडला की पसरते. आणि पिनकोड विसरू नका. एकाच नावाची गावं, नाना लिपींतले पत्ते आणि न लागणारी अक्षरं यांवर उपाय म्हणून १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोड सुरू झाला. तो आखला टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृत पंडित श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी. सहा आकड्यांतला पहिला विभागाचा, शेवटचे तीन टपाल कार्यालयाचे. निपाणीकडचा पिनकोड ५९ ने सुरू होतो, सौंसरकडचा ४८ ने. त्यामुळे कार्ड भलत्या बोरगावला जात नाही.

२०२५ मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं. साधं पत्र मात्र अजून तिकीट लावून पेटीत टाकता येतं. संक्रांतीच्या आठ-दहा दिवस आधी टाका. पाकिटावर आजी-आजोबांचं नाव मुलालाच लिहू द्या, देवनागरीत. वर्षभरात त्याने मराठीत लिहिलेलं तेवढंच असेल, तर तेही थोडं नाही.