'मस्ट'संबंधी खुलासा

गणेशोत्सवाच्या वर्गणीबाबत परदेशस्थ कुटुंबांकडे रवाना केलेल्या इंग्रजी पत्रात 'यू मस्ट सेंड' असा जो मजकूर गेला, आणि ज्यावरून अमौसीच्या आपल्या मंडळात गेला महिनाभर कटुता निर्माण झाली आहे, त्याचा खुलासा करणे कार्यकारिणी आपले कर्तव्य समजते. पत्रलेखक ज्येष्ठ सभासदांचा हेतू निर्मळ होता. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला गिरवून इंग्रजी शिकलेल्या पिढीला 'पाहिजे' म्हटले की 'मस्ट' आठवावा, यात त्यांचा लेशमात्र दोष नाही. परंतु आपल्यातल्याच एका घरच्या, जन्माने इंग्रज असलेल्या सूनबाईंना ते पत्र सरकारी ताकिदीसारखे वाटले, हेही खरे.

त्या येथे आल्या असता आम्ही मुद्दाम विचारपूस केली. घरात त्या 'कॅन यू' म्हणतात, समोरच्याला तसदी होणार असेल तर 'कुड यू'. स्वतःवरचे बंधन 'हॅव टू'ने सांगतात. 'शॅल' केवळ 'निघू या का?' एवढ्यापुरता राहिला आहे. छापील ब्रिटिश इंग्रजीतही १९६१ ते १९९१ या तीस वर्षांत 'मस्ट'चा वापर सुमारे २९ टक्क्यांनी घटल्याचे भाषाशास्त्रज्ञांनी मोजले आहे. मात्र परतीच्या दिवशी अमौसीच्या विमानतळावर सामानाची गाडी बाजूला ठेवून, चिटणीसांच्या मातोश्रींचे दोन्ही हात धरून, याच सूनबाई म्हणाल्या, 'यू मस्ट कम अँड स्टे विथ अस!' ज्यात ऐकणाऱ्याचे सुख, तेथे 'मस्ट' हा पंगतीतल्या 'आणखी एक पुरणपोळी घेतलीच पाहिजे'सारखा आग्रह होतो. ज्यात सांगणाऱ्याचे कार्य, तेथे तोच हुकूम ठरतो.

म्हणून यापुढे इंग्रजी पत्रात 'कुड यू प्लीज' असे लिहावे, व सोबत मूळ मराठी पत्र जोडावे, असा ठराव झाला आहे. ही लाचारी होय, असे काही मान्यवरांचे मत आहे. त्यांचा आदर राखून एवढेच निवेदन करतो की, 'वर्गणी पाठवावी' हा आपला विध्यर्थही हुकूम नव्हे, आणि त्यात कमीपणा आजवर कोणी मानला नाही.

खेद वाटतो तो निराळ्याच गोष्टीचा. ज्या सभेत हा ठराव झाला, तिला तक्रार करणाऱ्यांपैकी एकही सभासद हजर नव्हता. नव्या पत्राचा मसुदा चिटणीसांकडे आहे. येत्या रविवारी सायंकाळी तो वाचून दुरुस्त्या सुचवाव्यात, इंग्रजी माध्यमात शिकणाऱ्या मुलांनाही बरोबर आणावे, आणि स्थानिक वर्गणी नागपंचमीपूर्वी खजिनदारांकडे जमा करून पावती घ्यावी.