ट्रॉलीची चाकं बॅलन्स करायची का? माझं मत : आधी हब उघडा

ऊसतोड तोंडावर आलीय. परवा टायरच्या दुकानात एकजण म्हणाला, "काका, ट्रॉलीचीपण चारी चाकं बॅलन्स करून घ्या, टायर जास्त चालतील." माझं मत विचाराल तर ऊस ट्रॉलीला त्याची गरज नाही.

चाक एका बाजूला जड असलं की फिरताना हादरतं, म्हणून रिमला शिशाचे तुकडे लावतात. पण वेग दुप्पट झाला की हादऱ्याचा जोर चौपट होतो. भरलेली ट्रॉली 20 च्या स्पीडने चालते, पिकअप हायवेला 80 ने. म्हणजे तेच चाक पिकअपला 16 पट जोराने हादरवणार. पिकअपने भाजी मार्केटला नेत असाल तर तिची चाकं जरूर बॅलन्स करा. ट्रॉलीच्या रिमला मात्र किलोभर चिखल चिकटलेला असतो, तिथं 50 ग्रॅम शिसं काय करणार?

मग ट्रॉलीचा टायर का जातो? ते टायरच सांगतो. मधे झिजला तर हवा जास्त. दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी. एकच कड झिजली तर एक्सल वाकलाय का बघा. जागोजाग चट्टे पडले तर बेअरिंग ढिलं असू शकतं.

दोन वर्षांमागं माझ्या मागच्या चाकाला असेच चट्टे पडले होते. मी टायरला शिव्या घातल्या, नवा टाकला, पण हब काय उघडला नाही. रात्री कारखान्याच्या वाटेवर चाकच निखळलं. ट्रॉली कलली, ऊस रस्त्यावर. मागून मोटरसायकलवर दोन पोरं येत होती, हातभर अंतरावर थांबली. ते आठवलं की अजून झोप उडते. चूक माझीच होती.

म्हणून सांगतो, बॅलन्सिंगचे पैसे ग्रीसवर घाला. ट्रॉली रिकामी करा, बाकीच्या चाकांना दगड लावा, एकेक चाक जॅकवर घ्या. वर-खाली धरून हलवा. खटखट वाजलं तर बेअरिंग बघायलाच पाहिजे. हवा टायर थंड असताना तपासा. पहिल्या खेपेनंतर हबजवळ हात न्या. एखादा बाकीच्यांपेक्षा जास्त तापला असेल तर तिथंच थांबा.

चाक आपलं असलं तरी रस्ता सगळ्यांचा आहे. तुमचा अनुभव वेगळा असेल तर जरूर लिहा.