लोकर मेंढीच्या अंगावरच स्वच्छ करा



परवा एका वाड्यावर गेलो होतो. कातरणी नुकतीच उरकली होती. म्हातारबाबा पोत्याकडे बोट दाखवून म्हणाले, "साहेब, घोंगडीवाल्यानं हात लावून परत केली बघा." मी पोत्यात हात घातला. लोकर चांगली काळीभोर, पण तिच्यात गोखरू, कुसळे, लेंड्या आणि पोटाखालची चिकट लोकर, सगळे एकत्र! चांगला माल वाईटाच्या संगतीने वाया गेला.

आपली दख्खनी मेंढी वर्षाकाठी अर्धा किलोच्या आसपास लोकर देते. आज पुष्कळ ठिकाणी त्यातून कातरणीची मजुरीही निघत नाही. म्हणून आहे ती लोकर तरी घाण होऊ देऊ नका. लोकरीची सफाई धुण्याच्या वेळी नव्हे, कातरणीच्या आधीच सुरू होते.

कातरणीआधी दोन-तीन दिवस, चांगले ऊन असताना मेंढ्या वाहत्या पाण्यात धुवा. विण्यास आलेल्या गाभण मेंढ्या मात्र पाण्यात घालू नका. अंगावरचे गोखरू हाताने काढा. धुतल्यावर मेंढ्या धुळीत बसवू नका. अंग पूर्ण वाळल्याखेरीज कातर लावू नका.

कातरताना खाली ताडपत्री अंथरा. एकाच जागी दोनदा कातर फिरवू नका. आखूड तुकड्यांच्या सुतात गाठी येतात. जवळ चार पोती ठेवा. एकात पाठीची व कुशीची लोकर, दुसऱ्यात पोट, पाय व शेपटीकडची, तिसऱ्यात पांढरी आणि चौथ्यात कोकरांचे जावळ. जावळाची घोंगडी मऊ होते. ते भरड लोकरीत मिसळणे म्हणजे नुकसानच.

मग लोकर विणलेल्या बाजेवर पसरून काठीने हलके झोडपा. माती खाली गळेल. नंतर हाताला सोसेल अशा कोमट रिठ्याच्या पाण्यात बुडवून ठेवा. चोळू नका, पिळू नका. लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात. चोळले की ते एकमेकांत अडकतात आणि लोकरीचा गोळा होतो. मग ती पिंजता येत नाही. तेवढ्याच कोमट पाण्यातून दोनदा काढून सावलीत वाळवा. ओली लोकर पोत्यात भरली तर बुरशी धरते. कसर लागू नये म्हणून पोत्यात डांबरगोळ्यांची पुरचुंडी ठेवा.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. मेंढी अचानक मेली आणि नाकातोंडातून रक्त आले, तर लोकरीच्या लोभाने तिला कातरू नका, फाडूही नका. तो फाशी रोग असू शकतो आणि तो माणसालाही होतो. आधी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.

बाबांनी पुढच्या कातरणीला चार पोती ठेवायचे कबूल केले आहे. आपणही ठेवा. खर्च काही नाही, लागते ती फक्त सवय.