आधी विचारा, वेळ आहे का?

तुमच्या ग्रुपवर तो मेसेज आला का? आमच्या आला. ‘या वेळी रेडिमेड नको यार, काहीतरी हॅण्डमेड करूया. वारली कुर्ते?’ खाली धडाधड थम्ब्स अप, पाठोपाठ पिंटरेस्टवरचे स्क्रीनशॉट. आम्हा डहाणूच्या पोरापोरींना तर हे फारच सोपं वाटतं. वारली म्हणजे काय, आपल्या घरचंच! शाळेच्या भिंतीवर वारली, रिसॉर्टच्या गेटवर वारली, मग कुर्त्यावर यायला कितीसा वेळ लागतोय?

मी मात्र थम्ब दिला नाही. कारण गेल्या वर्षी हाच मेसेज मी टाकला होता.

गेल्या वर्षी दसरा होता २ ऑक्टोबरला. दुसऱ्याच दिवशी आम्ही बारा जणींनी ठरवलं, दिवाळीच्या सुट्टीआधी होणाऱ्या ट्रॅडिशनल डेला सगळ्यांनी गेरूच्या रंगाचे कुर्ते घालायचे आणि त्यावर पांढऱ्या रंगात वारली चित्रं. कार्यक्रम १४ तारखेला. माझ्या एका मैत्रिणीचं घर तलासरीच्या बाजूला, एका पाड्यावर. तिची वहिनी काय चित्रं काढते! मी थेट तिला फोन लावला. ‘वहिनी, बारा कुर्ते आहेत. फक्त चार-चार बाहुल्या आणि खाली बॉर्डर. एका कुर्त्याचे अडीचशे देऊ.’ वहिनी जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘पाठव.’

ती गप्प का राहिली, हे मी विचारलं नाही. त्या आठवड्यात तिच्या शेतातलं हळवं भात कापणीला आलेलं होतं. वर पाऊस काही हटत नव्हता. म्हणजे दिवसा उघडीप मिळेल तेवढी कापणी, आणि रात्री जेवणं आटोपली की आमचे कुर्ते. आम्ही कुर्ते दुकानातून आणले तसेच, खळीसकट, तिच्याकडे पाठवले होते. १३ तारखेला संध्याकाळी ते आणायला गेलो तेव्हा शेवटच्या चार कुर्त्यांवरचा रंग हाताला ओला लागत होता. ‘अजून सुकले नाहीत, सुकले की उलट्या बाजूने इस्त्री फिरवा,’ असं तिने सांगितलं. आम्ही हो म्हटलं आणि विसरलो.

कार्यक्रम मस्त झाला. रील मस्त झालं. पहिल्या धुण्यात त्या चार कुर्त्यांवरच्या बाहुल्या निघून गेल्या. ग्रुपवर आरडाओरडा झाला आणि आम्ही चार कुर्त्यांचे हजार रुपये कापले. तो फोनही मीच केला. वहिनी ‘बरं’ एवढंच म्हणाली.

नंतर कधीतरी मैत्रीण बोलता बोलता बोलून गेली, की एका कुर्त्याला वहिनीला सात तास लागायचे. मी मोबाइलवर हिशेब केला. तो तुम्हीही करून बघा. बारा कुर्ते गुणिले सात, म्हणजे ८४ तास. आठ तासांचा दिवस धरला तर साडेदहा दिवस. आम्ही दिले २,००० रुपये. दिवसाला १९० रुपये पडले. त्या वर्षी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी होती दिवसाला ३१२ रुपये. आम्ही एक पैसाही कापला नसता तरी तिला दिवसाचे २८६च मिळाले असते. माती उचलण्याच्या मजुरीपेक्षा कमी! आणि आम्ही स्टेटसला काय टाकलं होतं? ‘सपोर्टिंग लोकल आर्ट’.

कापलेले हजार रुपये मी जानेवारीत नेऊन दिले. वहिनीने घेतले, चहा केला. मग म्हणाली, ‘पैसे दिलेस ते बरं केलंस. पण तेव्हा कुर्ते किती ते सांगितलंस, तारीख सांगितलीस, भाव सांगितलास. मला वेळ आहे का, ते विचारलंच नव्हतंस.’

म्हणून हा लेख. हॅण्डमेड कपड्यांचं प्लॅनिंग आपण नेहमी उलट्या टोकाने करतो. आधी फोटो, मग रंग, मग बजेट, आणि सगळ्यात शेवटी, हे करणार कोण? माझं म्हणणं एवढंच आहे, की पहिला प्रश्न तो असायला हवा. कुणाचे हात, आणि त्या हातांना कधी सवड आहे? हे कळलं की बाकीचं प्लॅनिंग आपोआप नीट बसतं. कपडाही टिकतो.

यंदा तर बहाणाच नाही. अधिक महिना आल्यामुळे सगळे सण लांबलेत. गणपती १४ सप्टेंबरला, घटस्थापना ११ ऑक्टोबरला, लक्ष्मीपूजन थेट ८ नोव्हेंबरला. आता दुसरं कॅलेंडर त्याच्या शेजारी ठेवा, शेताचं. आपल्याकडे आवणी उरकली की मधे निंदणीचे, थोडी उसंत देणारे आठवडे येतात. हळवं भात तयार झालं की कापणी सुरू होते, पाठोपाठ गरवं भात. यंदा नवरात्र नेमकं त्या कापणीच्या तोंडावर आलंय. म्हणजे ऑक्टोबर उजाडल्यावर पाड्यावर कुर्ते पाठवणं हा सगळ्यात वाईट मुहूर्त. चित्रांचं काम गणपतीच्या आधी व्हायला हवं. कारागिराला विचारायचं आत्ताच, या आठवड्यात. आणि तो किंवा ती नाही म्हणाली, तर ते उत्तर घ्यायचं. ‘प्लीज ना, थोडंसंच आहे’ म्हणायचं नाही.

पावसाळ्यात रंग सुकायला वेळ लागतो, हा मुद्दा खरा आहे. म्हणून तर जास्तीचे दिवस हाताशी ठेवायचे. आम्ही चुकत चुकत शिकलेलं थोडं सांगते. कापड सुती घ्या. नवीन कापड आधी धुऊन त्याची खळ घालवा. खळीवर बसलेला रंग धाग्यात मुरत नाही, आणि कापड आटायचं ते आधीच आटून जातं. कुर्ता शिवून घेणार असाल तर चित्र शिवण्याआधी काढलेलं उत्तम. फक्त टेलरकडून कापाच्या खुणा करून घ्या आणि कडेला इंचभर जागा सोडा, नाहीतर नाचणाऱ्यांच्या रांगेतला शेवटचा माणूस शिवणीत जातो. गडद कापडावर पांढऱ्याचा एक हात पुरत नाही, दोन लागतात. पहिला पूर्ण सुकल्यावरच दुसरा. सगळं वाळलं की उलट्या बाजूने, वाफेशिवाय गरम इस्त्री. त्यानंतरही दोन-तीन दिवस पाण्यात घालू नका. आणि बारा कुर्ते रंगवण्याआधी चिंधीवर एक बाहुली काढून ती धुऊन बघा. आम्ही हे एक केलं असतं तरी सगळं वाचलं असतं.

टेलरचंही असंच. नवरात्राच्या तोंडावर त्याच्याकडे गेलात तर तो कापडाकडे बघायच्या आधी मान हलवतो. यंदा २६ सप्टेंबर ते १० ऑक्टोबर पितृपक्ष आहे. बऱ्याच घरांत तेव्हा नवीन कपड्याचं काही करत नाहीत. घरच्यांचा तसा आग्रह असेल तर कापड गणपतीतच टाकून मोकळे व्हा.

आता चित्राबद्दल. इथे मला थोडं स्पष्ट बोलायचंय.

वारली चित्र मुळात कपड्यावरचं नाही. ते भिंतीवरचं आहे. कुडाच्या, शेणामातीने सारवून गेरू लावलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने, टोक चावून मऊ केलेल्या बांबूच्या काडीने काढलेलं. लग्नघरात सुवासिनी चौक काढतात, त्यात पालघाट देवी असते. धवलेरी गाणी म्हणते. त्याशिवाय लग्न लागत नाही. ही कला कागदावर आणि कापडावर आली ती १९७० च्या दशकात. आपल्या डहाणू तालुक्यातले जिव्या सोमा मशे लग्नाचा प्रसंग नसतानाही रोज चित्रं काढू लागले, पुढे ती चित्रं परदेशांत पोचली आणि २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये ते गेले. म्हणजे ‘शेकडो वर्षांची पारंपरिक वारली कुर्ती’ असं लेबल दिसलं तर समजा, लिहिणाऱ्याला माहीत नाही.

कपड्यावर आणूच नये, असं मी म्हणत नाही. मशे यांनीच ही कला भिंतीबाहेर नेली. पण आणताना काय आणतोय हे ठाऊक असावं. गेल्या वर्षी आमच्यातल्या एकीला मागच्या बाजूला, अगदी खाली, घेराजवळ चौकोनी डिझाइन हवं होतं. फोटोत छान दिसत होतं. तो चौक होता. त्याच्या मधोमध देवी. वहिनीने तो काढला नाही, त्या जागी झाड काढलं. मैत्रीण रुसली होती. आज वाटतं, आपण ज्यावर बसतो तिथे कुणाची तरी लग्नातली देवी काढायला सांगत होतो आपण. हे कुणी शिकवत नाही. विचारलं तरच कळतं.

आणि विचारलं की गंमतही कळते. तारप्याचा नाच घ्या. मधे तारपा वाजवणारा आणि त्याच्याभोवती गोल गोल उलगडत गेलेली माणसांची रांग. आपण ती गरब्याच्या घागऱ्यावर मिरवतो. पण हा नाचच मुळी भात पिकण्याच्या दिवसांतला. नवं भात आलं की तारपा वाजतो. ज्या कापणीमुळे वहिनीला आमचे कुर्ते रात्री जागून करावे लागले, तिच्याच आनंदाचा नाच आम्ही अंगावर घालून फिरत होतो.

तुम्ही म्हणाल, आम्ही स्टुडंट आहोत, एवढा पैसा आणायचा कुठून? बाजारात वारली प्रिंटचा कुर्ता स्वस्तात मिळतो. घ्या की! प्रिंट आहे हे माहीत असून, प्रिंट म्हणून घ्यायला काहीच हरकत नाही. प्रॉब्लेम तेव्हा होतो, जेव्हा आपल्याला हाताचं काम हवं असतं आणि भाव मशीनचा द्यायचा असतो. वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळालंय, त्यासाठी डहाणूच्या आदिवासी युवा सेवा संघाने प्रयत्न केले. त्यामुळे नावाला कायद्याचं संरक्षण आलं. पण कायदा आपल्या ग्रुपमधल्या घासाघिशीत येऊन बसत नाही. तिथे आपणच असतो.

पैसे कमी असतील तर नग कमी करा, मजुरी नको. नऊ दिवस नऊ ड्रेस हवेत हे कुणी ठरवलं? एक चांगला कुर्ता करा आणि तो नवरात्रात, दिवाळीत, मित्राच्या बहिणीच्या लग्नात घाला. नवीन कापड नको असेल तर कपाटातला साधा सुती कुर्ता काढा. खळ तर त्याची कधीच गेलेली असते. आईच्या जुन्या साडीची ओढणी करा. स्वतः काढायचं असेल तर जरूर काढा, दोन त्रिकोण टोकाला टोक लावून जोडले की माणूस होतो, पण तो नाचायला लागायला किती सराव लागतो हे चार बाहुल्यांतच कळेल. फक्त स्वतः काढलेलं ‘ऑथेंटिक वारली’ म्हणून विकू नका. आणि कुणाकडून करून घेतलंत तर भाव त्यांना सांगू द्या, निम्मे पैसे आधी द्या, आणि फोटो टाकताना त्यांना चालत असेल तर त्यांचं नाव लिहा. स्वतःचं नाव टॅग करायला आपण विसरतो का कधी?

तर, आमच्या ग्रुपवरच्या त्या मेसेजला मी दुसऱ्या दिवशी उत्तर दिलं. आधी वहिनीला फोन केला होता. या वेळी पहिला प्रश्न, ‘वहिनी, गणपतीच्या आधी तुला वेळ आहे का?’ ती हसली. म्हणाली, ‘तीन होतील. चौथा होणार नाही. खळ काढून पाठव.’ भावही तिनेच सांगितला, गेल्या वर्षीच्या दुपटीहून जास्त. मी तसंच ग्रुपवर टाकलं.

आधी शांतता. मग एकीने विचारलं, ‘फक्त तीन? मग बाकीच्या नऊ जणींनी काय करायचं?’ मी लिहिलं, कपाट उघडा.

आता ते तीन कुर्ते कुणाचे, यावरून कालपासून ग्रुपवर भांडण चालू आहे. चालू दे. घटस्थापनेला अजून वेळ आहे.