लेथवर माल आपोआप सरकतो, मग आयटीआयचा पोरगा काय करणार?

वर्धा : आपल्याकडे फीडर म्हटलं की एकच गोष्ट आठवते, लाइट. गावठाणचा फीडर, शेतीचा फीडर, या आठवड्यात पाळी रात्रीची की दिवसाची. पण चाकण, वाळूज किंवा इथल्या इथे बुटीबोरीला कामाला गेलेल्या पोराला विचारा, तो दुसऱ्याच फीडरचं सांगेल. बार फीडर. सीएनसी लेथच्या बाजूला लांबलचक पेटीसारखा बसवलेला असतो. त्यात तीन-तीन मीटरचे गज रचून ठेवायचे. एक संपला की पेटी दुसरा स्वतःच मशीनमध्ये ढकलते.

यात आपल्या तालुक्यांचा काय संबंध? संबंध असा, की इथून टर्नरचा ट्रेड करून गेलेला पोरगा तिथे जे काम करतो नेमकं तेच काम ही पेटी करते. माल चकमध्ये धरायचा, दार लावायचं, हिरवं बटण दाबायचं, तयार तुकडा काढायचा, पुन्हा माल धरायचा. पूर्ण पाळी हेच. माझा एक पुतण्या अशाच कारखान्यात होता. दिवाळीला घरी आला तेव्हा म्हणाला, "काका, पहिले दोन मशिनीवर चार जण होतो. आता एकच हाय. त्यालेही प्रोग्राम लावता येते म्हणून ठेवलं."

हा प्रोग्राम काही जादू नाही. आपल्या फवारणी पंपाचा पितळी नोजल डोळ्यासमोर आणा. असे गोल तुकडे गजातूनच कापून निघतात. प्रोग्राममध्ये पहिले टरेटवरचा स्टॉपर, म्हणजे एक साधा अडसर, ठरलेल्या जागी आणायचा. स्पिंडल थांबवायचा. मग कॉलेट उघडायचा. त्याचा एम कोड मशीनगणिक वेगळा, कुठे एम ६८-६९, कुठे एम १०-११. कॉलेट उघडला की फीडर मागून गज ढकलतो, गज स्टॉपरला टेकतो. इथे जी ०४ टाकून एखादा सेकंद थांबायचं, घाई केली तर गज पूर्ण टेकायच्या आतच कॉलेट आवळतो आणि तुकडा आखूड निघतो. मग कॉलेट बंद, स्टॉपर मागे. पुढे फेसिंग, टर्निंग, भोक, आटे, शेवटी तुकडा कापणे. एम ९९ ने प्रोग्राम पुन्हा पहिल्या ओळीवर.

खरी अक्कल लागते ती गज संपताना. फीडर मशीनला सिग्नल देतो. ज्या ओळींच्या सुरुवातीला तिरपी रेघ आहे त्या ओळी चालवायच्या की सोडायच्या, हे बऱ्याच मशीनवर त्या सिग्नलवरून ठरतं. उरलेला तुकडा काढायचा, नवा गज घ्यायचा, त्याचं करवतीने कापलेलं वाकडं तोंड आधी छाटायचं आणि मगच माल सुरू करायचा. हे चुकलं तर टूल मोडते. रात्रपाळीत माणूस शेजारी नसेल तर सकाळी डबाभर भंगार सापडतं.

हिशोबही शेतकऱ्याला कळेल असाच आहे. तुकडा ३८ मिलिमीटरचा, कापणारं टूल ३ मिलिमीटर रुंद, फेसिंगला अर्धा. म्हणजे एका तुकड्यामागे गज ४१.५ मिलिमीटर सरकला पाहिजे. तीन मीटरच्या गजात शेवटचे १५० मिलिमीटर धरायला जातात असं समजा, तर ६८ तुकडे निघतात. कापायचं टूल २ मिलिमीटरचं लावलं तर ७०. एका गजामागे दोन तुकडे जास्त. दिवसाला पन्नास गज लागत असतील तर शंभर तुकडे झाले. मालक पगार या हिशोबाचा देतो, बटणाचा नाही.

जिवाची गोष्टही यातच आहे. कापताना व्यास कमी होत जातो तसा जी ९६ मध्ये स्पिंडलचा वेग आपोआप वाढतो. मागे लांब गज फिरतोय, तो जरा वाकडा असला की थडथडायला लागतो. म्हणून फानुकच्या मशीनवर जी ५० ने वेगाला आधीच लगाम घालतात. काही छोट्या वर्कशॉपमध्ये फीडर नसतानाच गज स्पिंडलच्या मागून बाहेर ठेवून मशीन चालवतात. वेग वाढला की तो गज वाकतो आणि चाबकासारखा फिरतो. जवळ उभा असलेला माणूस जिवानिशी जाऊ शकतो. अशी मशीन दिसली तर पोरांनो, तिच्या मागे उभे राहू नका.

वाकड्या गजावरून आठवलं. यंत्राला गांधीजींचा सरसकट विरोध होता असं आपण सांगत असतो. पण १९२४ मध्ये त्यांनी शिलाई मशीनला अपवाद मानलं होतं, आणि चरख्याची वाकडी चाती सरळ करणारं यंत्र प्रत्येक कातणाऱ्याकडे असावं असंही म्हटलं होतं. पुढे १९३४ मध्ये ग्रामोद्योग संघ वर्ध्यातच निघाला. यंत्र माणसाच्या हातात राहतं की माणसाला बाहेर काढतं, एवढाच त्यांचा सवाल होता. बार फीडरलाही तोच लागू आहे.

आता योजनांचं पाहू. २० सप्टेंबर २०२४ ला पंतप्रधान वर्ध्यात आले, पीएम विश्वकर्माचं वर्ष साजरं झालं. त्या योजनेत १८ व्यवसाय आहेत. लोहार, सुतार, कुंभार यांना अवजारांसाठी १५ हजार, ५ टक्के व्याजाने ३ लाखांपर्यंत कर्ज. चांगलंच आहे. पण लेथवाला त्या १८ मध्ये नाही. त्याच वर्षी आलेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत आयटीआयवाल्याला महिन्याला ८ हजार ठरले. आपल्या तालुक्यांत कारखानेच मोजके, म्हणून पोरं सरकारी कार्यालयांकडे वळली. माझ्या ओळखीचा एक टर्नर सहा महिने आवक-जावक रजिस्टर लिहीत होता. पैसे मिळाले, हात मात्र मशीनपासून सुटला.

माझ्या मते इथे पैशापेक्षा विषयाची चूक आहे. सीएनसी मशीन नुसती दाखवून भागत नाही. प्रोग्राम स्वतः लिहायला लावला पाहिजे, तोही फीडरसकट. त्याला सुरुवातीला लाखोंची मशीन लागत नाही. प्रोग्राम म्हणजे साध्या अक्षर-आकड्यांची फाइल असते. संगणकावरच्या सिम्युलेटरवर टूल कुठे धडकते ते दिसतं, तिथे शंभर वेळा चुकलं तरी टूल मोडत नाही. मशीनवर हात नंतर बसवावा लागतोच, तो भाग वेगळा.

आयटीआयच्या प्रवेशाला पोराला घेऊन जाल तेव्हा निदेशकांना दोन गोष्टी विचारा. सीएनसी चालू आहे का, आणि मागच्या बॅचच्या किती पोरांनी स्वतः लिहिलेल्या प्रोग्रामवर तुकडा काढला? पुतण्या सध्या घरीच आहे. कापूस वेचून झाला की रात्री जुन्या लॅपटॉपवर नोजलचा प्रोग्राम लिहीत बसतो. परवा एक ओळ चुकली म्हणून त्याचा स्टॉपर स्क्रीनवर सरळ चकात घुसला. तेवढ्यात लाइट गेली.